वऱ्हाडातील जवस, आवश्यक मेदाम्ले आणि कर्करोगाच्या रसायनोपचाराचे दुष्परिणाम : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कापसाभोवती झालेले आहे. अमरावती, अकोला, खामगाव या बाजारपेठांचा उदय, रेल्वेचे आगमन, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील तेजी या विषयांवर विपुल लेखन उपलब्ध आहे. कापसाच्या सावलीत वाढलेल्या इतर पिकांकडे मात्र अभ्यासकांचे तुलनेने दुर्लक्ष झाले. जवस हे अशाच पिकांपैकी एक होय. गेल्या काही दशकांत या पिकाचे नाव अगदी वेगळ्या संदर्भात पुढे आले. जवसाच्या तेलातील ओमेगा-३ वर्गातील मेदाम्ल आणि त्याच वर्गातील माशांच्या तेलातील मेदाम्ले ही कर्करोगाच्या रसायनोपचाराचे, म्हणजेच केमोथेरपीचे, दुष्परिणाम कमी करू शकतात काय, हा प्रश्न वैद्यकीय संशोधनात विचारला जाऊ लागला. त्याच वेळी, जवसाने कर्करोग बरा होतो, असा दावाही लोकांमध्ये पसरला.

प्रस्तुत लेखात या दोन प्रवाहांचा ऐतिहासिक मागोवा घेतलेला आहे. वऱ्हाडच्या शेतातून परदेशी रंगकारखान्यात गेलेले तेल आवश्यक अन्नघटक म्हणून कसे ओळखले गेले, रसायनोपचाराच्या दुष्परिणामांशी त्याचा संबंध कसा जोडला गेला, उपलब्ध पुराव्यातून नेमके काय सिद्ध होते आणि वऱ्हाडातील रुग्णाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, या चार प्रश्नांची चर्चा येथे केली आहे. हा विषय केवळ ज्ञानाच्या इतिहासापुरता मर्यादित नाही. उपचार पूर्ण करावयाचा की अर्ध्यावर सोडून घरगुती उपायावर विसंबावयाचे, हा निर्णय अनेक कुटुंबांना प्रत्यक्ष घ्यावा लागतो. चुकीच्या समजुतीची किंमत अशा वेळी रुग्णाच्या जीवाने मोजावी लागते.

निर्यातीचे पीक

इ. स. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनाकडे सोपविला. पुढे १९०३ मध्ये हा प्रांत मध्य प्रांताच्या प्रशासनाला जोडण्यात आला. दरम्यानच्या अर्धशतकात वऱ्हाडच्या शेतीचे स्वरूप पालटले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग अकोला व बडनेरा येथून जात १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. त्यामुळे पूर्णेच्या खोऱ्यातील माल मुंबई बंदरात अल्पावधीत पोहोचू लागला. या मालात कापूस अग्रभागी होता. परंतु त्याच्या जोडीने तेलबियाही जात होत्या. वऱ्हाडातील तेलबियांमध्ये तीळ आणि जवस यांना महत्त्वाचे स्थान होते.

जवस हे रब्बीचे पीक असून पावसाळ्यानंतर काळ्या जमिनीत टिकून राहणाऱ्या ओलाव्यावर ते येते. त्याला फारशा मशागतीची वा ओलिताची गरज नसते. युरोपात ही वनस्पती धाग्यासाठी, म्हणजे लिननच्या कापडासाठी लावली जात असे, तर हिंदुस्थानात ती मुख्यत्वे बियांसाठी लावली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या बियांना ब्रिटन व युरोपात मोठी मागणी होती. जवसाच्या तेलाचा पातळ थर हवेत राहिला असता तो घट्ट होऊन त्याचा पापुद्रा बनतो. या गुणधर्मामुळे तैलरंग, वॉर्निश व छपाईची शाई यांसाठी ते अत्यंत उपयुक्त ठरले. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन याने याच तेलापासून जमिनीवर अंथरावयाचे लिनोलियम तयार केले. लिनोलियम हे नावदेखील जवसाच्या ‘लायनम’ या लॅटिन नावावरूनच आलेले आहे.

येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. निर्यात मुख्यतः तेलाची होत नव्हती, ती बियांची होत होती. बी परदेशी गेल्यामुळे तेलाबरोबर ढेपही गेली. गावातील घाणीला मिळणारे काम, माणसाला मिळणारे तेल आणि जनावराला मिळणारी ढेप या तिन्ही गोष्टी त्या प्रमाणात घटल्या. तरीही जवस वऱ्हाडच्या घरांतून नाहीसा झाला नाही. भाजून कुटलेल्या जवसाची चटणी ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली जात राहिली आणि विदर्भाच्या अनेक भागांत घाणीचे जवस तेल प्रत्यक्ष खाण्यातही राहिले. जागतिक बाजाराच्या लेखी मात्र हे तेल खाण्याचे नव्हते, रंगाचे होते.

रंगाच्या तेलापासून आवश्यक अन्नघटकापर्यंत

तेल हवेत का घट्ट होते, याचे उत्तर त्याच्या रासायनिक घडणीत आहे. जवसाच्या तेलात सुमारे निम्मा भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. या मेदाम्लाच्या अठरा कार्बनच्या साखळीत तीन ठिकाणी दुहेरी बंध असतात. या दुहेरी बंधांजवळ प्राणवायूची क्रिया होऊन शेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात व तेलाचा पापुद्रा बनतो. ज्या बंधांमुळे हे तेल रंगासाठी मोलाचे ठरले, त्याच बंधांमुळे ते आहारशास्त्राच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरले. कारण त्या विशिष्ट जागी दुहेरी बंध निर्माण करण्याची क्षमता मानवी शरीरात नाही. ते मेदाम्ल अन्नातूनच मिळवावे लागते.

ही जाणीव होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. तोपर्यंत मेद म्हणजे केवळ उष्मांकांचा साठा, अशीच शास्त्रज्ञांची धारणा होती. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दाम्पत्याने १९२९ व १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने ती धारणा मोडली. संपूर्णतः मेदविरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांची वाढ खुंटली, त्यांची त्वचा व शेपटी खवलेदार झाली. विशिष्ट असंतृप्त मेदाम्ले दिल्यावर ती लक्षणे ओसरली. ‘आवश्यक मेदाम्ले’ ही संकल्पना येथून रूढ झाली.

तथापि या संकल्पनेत लिनोलेइक आम्लालाच, म्हणजे आजच्या भाषेत ओमेगा-६ वर्गाला, मध्यवर्ती स्थान मिळाले. ओमेगा-३ वर्गातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल माणसाला स्वतंत्रपणे आवश्यक आहे काय, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित राहिला. १९८२ मध्ये राल्फ होल्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सहा वर्षांच्या मुलीची नोंद प्रसिद्ध केली. पोटातील गंभीर जखमेमुळे तिला शिरेवाटे पोषण द्यावे लागत होते आणि त्या पोषणातील मेद करडईच्या तेलाचा होता. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल विपुल असते, परंतु अल्फा-लिनोलेनिक आम्ल जवळजवळ नसते. काही महिन्यांनी तिला बधिरता, मुंग्या येणे, अशक्तपणा, पाय दुखणे व अंधुक दिसणे ही लक्षणे जाणवू लागली. करडईच्या जागी अल्फा-लिनोलेनिक आम्ल असलेले सोयाबीनचे तेल वापरल्यानंतर ती लक्षणे दूर झाली.

ही नोंद एकाच रुग्णाची आहे. त्यामुळे तिच्या आधारे फार मोठे निष्कर्ष काढणे उचित होणार नाही. तरी तिचे ऐतिहासिक महत्त्व दुहेरी आहे. ओमेगा-३ मेदाम्लाचा मज्जातंतूंच्या आरोग्याशी असलेला संबंध तिने प्रथमच माणसात ठळकपणे दाखविला. शिवाय करडई आणि जवस ही वऱ्हाडच्या रब्बी शिवारात शेजारी वाढणारी पिके मेदाच्या दृष्टीने परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत, हेही तिच्यामुळे स्पष्ट झाले. योगायोग असा की, याच वर्षी बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना प्रोस्टाग्लँडिन्सवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ओमेगा-६ वर्गातील ॲराकिडॉनिक आम्लापासून शरीरात दाह वाढविणारे पदार्थ तयार होतात, हे त्या संशोधनातून उलगडले. ओमेगा-३ मेदाम्ले त्याच विकरांसाठी स्पर्धा करतात. म्हणून ती दाह कमी करतील, या अपेक्षेला सैद्धांतिक पाया मिळाला.

रसायनोपचाराचा उदय आणि त्याचे मोल

कर्करोगाच्या रसायनोपचाराचा इतिहास युद्धातील विषारी वायूशी निगडित आहे. मस्टर्ड वायूच्या संपर्कात आलेल्या सैनिकांच्या पांढऱ्या पेशी घटतात, या निरीक्षणावरून १९४२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात नायट्रोजन मस्टर्डचा प्रयोग लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर करण्यात आला. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने बालकांच्या रक्ताच्या कर्करोगात तात्पुरता उतार पडतो, हे दाखविले. हे औषध लेडर्ले प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालील गटाने पुरविले होते. पुढे मेथोट्रेक्सेट, फ्लुरोयुरॅसिल, सिस्प्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही औषधे आली. सिस्प्लॅटिनला अमेरिकेत १९७८ मध्ये, तर पॅक्लिटॅक्सेलला १९९२ मध्ये मान्यता मिळाली.

या औषधांचा मूळ गुण हाच त्यांचा दोषही आहे. वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींवर ती आघात करतात. मग त्या पेशी कर्करोगाच्या असोत अथवा तोंडाच्या व आतड्याच्या अस्तराच्या, केसांच्या मुळांच्या किंवा अस्थिमज्जेच्या असोत. त्यातून तोंड येणे, मळमळ, जुलाब, केस गळणे आणि रक्तपेशी घटणे हे परिणाम उद्भवतात. सिस्प्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल यांचा आणखी एक परिणाम म्हणजे हातापायांच्या मज्जातंतूंना होणारी इजा. बोटे बधिर होणे, तळपायांना मुंग्या येणे, बटण लावता न येणे अशा स्वरूपात तो दिसतो आणि काही रुग्णांत उपचार संपल्यानंतरही टिकून राहतो.

वऱ्हाडच्या संदर्भात हा शेवटचा परिणाम विशेष विचारात घेण्याजोगा आहे. येथील शेतमजूर स्त्रीचे उत्पन्न बऱ्याच अंशी कापूस वेचणीवर अवलंबून असते. उघडलेल्या बोंडाच्या टोकदार कडांतून कापूस सोडवून घेणे हे बोटांच्या संवेदनेचे काम आहे. ती संवेदना गेली तर रोजगार जातो, आणि तळपाय बधिर असताना काट्याकुट्यांत चालल्यास जखम झाल्याचे कळतही नाही. वैद्यकीय प्रपत्रात ‘सौम्य’ किंवा ‘मध्यम’ म्हणून नोंदविला जाणारा दुष्परिणाम अशा स्त्रीच्या बाबतीत उपजीविकेचा प्रश्न बनतो.

वऱ्हाडपासून परळपर्यंत

मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्र शासनाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. विदर्भातील रुग्णांसाठी दीर्घकाळ हाच मुख्य आधार होता. वऱ्हाडातून मुंबईला जाणाऱ्या या वाटेवर वऱ्हाडच्याच दोन संतपुरुषांची नावे आढळतात. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले आणि अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढलेले संत गाडगेबाबा यांनी रुग्णांच्या व यात्रेकरूंच्या निवाऱ्यासाठी धर्मशाळांची परंपरा निर्माण केली. त्यांच्या नावाने दादर येथे चालणारी धर्मशाळा परळला उपचार घेणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना आश्रय देते. रसायनोपचार अनेक फेऱ्यांत द्यावा लागतो. दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत रुग्ण राहील कोठे व खाईल काय, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राआधी या परंपरेने दिले, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसरे नाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे आहे. गुरुकुंज मोझरी येथे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे कर्करोगाने निधन झाले. नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले आणि विदर्भातील रुग्णांना मुंबईपेक्षा जवळचा पर्याय उपलब्ध झाला. अकोल्यातही संत तुकाराम यांच्या नावाचे रुग्णालय कर्करोगावर उपचार करीत आहे. अंतर कमी झाले, तरी रुग्णाच्या पोषणाची समस्या कायम राहिली. विदर्भात तंबाखू व खर्र्याच्या सेवनामुळे मुखकर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. अशा रुग्णाला आजारामुळे आधीच गिळता येत नाही. त्यात उपचाराने तोंड येते. वजन घटत जाते, पुढील फेरी लांबते आणि कित्येकदा उपचार अर्धवट राहतो. मेदाम्लांच्या पुरवणीचा प्रश्न या टप्प्यावर प्रस्तुत ठरतो.

पूरक मेदाम्लांचे प्रयोग

कर्करोगात होणारी झीज ही साध्या उपासमारीपेक्षा वेगळी असते. दाह वाढविणारे पदार्थ स्नायूंचा ऱ्हास घडवून आणतात. त्यामुळे नुसते अन्न वाढवून ती पूर्णतः थांबत नाही. माशांच्या तेलातील आयकोसापेंटेनॉइक आम्ल, म्हणजे ईपीए, हा दाह कमी करील, या अपेक्षेने १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये प्रयोग सुरू झाले. प्रारंभीच्या छोट्या प्रयोगांचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. परंतु २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या २०० रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत ईपीएयुक्त पोषक पेय आणि ईपीए नसलेले तसेच पेय यांत अपेक्षित फरक आढळला नाही. दोन्ही गटांत वजनातील घट मंदावली. पोषण मिळाल्याचा लाभ झाला. ईपीएचा वेगळा लाभ सिद्ध झाला नाही.

या चाचणीतील रुग्ण रसायनोपचार घेत नव्हते. रसायनोपचार चालू असलेल्या रुग्णांबाबत २०११ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांनी दररोज सुमारे २.२ ग्रॅम ईपीए मिळेल इतके माशांचे तेल घेतले, त्यांचे वजन टिकून राहिले; न घेणाऱ्यांचे सरासरी २.३ किलोग्रॅमने घटले. मात्र या अभ्यासात एकूण चाळीस रुग्ण होते आणि गटांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती.

मज्जातंतूंच्या इजेबाबतचा महत्त्वाचा प्रयोग इराणमध्ये झाला. स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्या ५७ स्त्रियांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ओमेगा-३ घेणाऱ्या ३० स्त्रियांपैकी २१ जणींना, म्हणजे ७० टक्के स्त्रियांना, मज्जातंतूंची इजा झाली नाही. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या २७ पैकी ११ जणींच्या, म्हणजे सुमारे ४१ टक्के स्त्रियांच्या बाबतीत ती टळली. हा फरक दुर्लक्षणीय नाही. परंतु सत्तावन्न ही संख्या लहान आहे. मोठ्या चाचण्यांतून तिला दुजोरा मिळाल्याशिवाय सर्वसाधारण शिफारस करता येत नाही.

युरोपातील नैदानिक पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत या सर्व पुराव्याचा आढावा आहे. प्रगत कर्करोगात रसायनोपचार घेणाऱ्या आणि वजन घटण्याचा धोका असलेल्या वा कुपोषित रुग्णांना लांब साखळीच्या ओमेगा-३ मेदाम्लांची पुरवणी द्यावी, असे त्यांत सुचविले आहे. परंतु ही शिफारस ‘दुर्बल’ असून तिचा पुरावा ‘निम्न’ दर्जाचा असल्याचे तेथेच नमूद आहे. हे दोन शब्द जाहिरातींत कधी आढळत नाहीत.

सावधगिरीचा धडा

पूरक आहार म्हणजे निरुपद्रवी, ही धारणा इतिहासाने वारंवार खोटी ठरविलेली आहे. ॲसिटिल-एल-कार्निटिन हा पदार्थ पेशींमध्ये मेदाम्लांच्या वहनाशी निगडित आहे. तो मज्जातंतूंची इजा टाळील, या अपेक्षेने अमेरिकेत ४०९ स्त्रियांवर चाचणी करण्यात आली. २०१३ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष अपेक्षेच्या नेमका उलट होता. पुरवणी घेणाऱ्या स्त्रियांत चोवीस आठवड्यांनंतर इजा अधिक होती. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०११ व २०१५ मध्ये आणखी एक शक्यता पुढे आणली. माशांच्या काही तेलांत आढळणारे सोळा कार्बनचे एक विशिष्ट मेदाम्ल उंदरांमध्ये सिस्प्लॅटिनसारख्या औषधांचा प्रभाव कमी करते, असे त्यांना दिसले. माणसांतील उपचारावर असा परिणाम होतो, हे सिद्ध झालेले नाही. तरी औषधाचा दुष्परिणाम कमी करणारा पदार्थ त्याचा इष्ट परिणामही कमी करीत नाही ना, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही.

दुसऱ्या टोकाला अतिरंजित दावे आहेत. जर्मनीतील योहाना बुडविग यांनी १९५० च्या दशकात जवसाचे तेल व ताज्या चीजसदृश दुग्धपदार्थाच्या मिश्रणावर आधारित आहार कर्करोगावरील उपचार म्हणून पुढे मांडला. त्याचा प्रसार जगभर झाला. परंतु या आहाराने कर्करोग बरा होतो, हे दाखविणारी कोणतीही नियंत्रित चाचणी उपलब्ध नाही. प्रतिबंधाबाबतही असाच अनुभव आहे. अमेरिकेत सुमारे २६ हजार व्यक्तींवर झालेल्या व २०१८ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या चाचणीत रोज एक ग्रॅम ओमेगा-३ घेतल्याने कर्करोग होण्याचे प्रमाण कमी झाले नाही.

याउलट, मेदाम्लांच्या ज्ञानाचा ठोस लाभ एका अनपेक्षित दिशेने, आणि तोही महाराष्ट्रातूनच, मिळाला. ॲराकिडॉनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन तयार करणारे विकर रोखणारे सेलेकॉक्सिब हे स्वस्त औषध आणि मेथोट्रेक्सेट यांच्या तोंडाने घ्यावयाच्या अल्प मात्रेची तुलना टाटा स्मारक रुग्णालयाने शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या सिस्प्लॅटिनशी केली. डोके व मानेच्या प्रगत कर्करोगाच्या ४२२ रुग्णांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ७.५ महिने, तर सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचे ६.१ महिने होते. तीव्र दुष्परिणाम अनुक्रमे सुमारे १९ व ३० टक्के रुग्णांत आढळले. ही चाचणी रोग बरा करण्यासाठी नव्हे, तर दुःख कमी करून आयुष्य वाढविण्यासाठीच्या उपचाराची होती. मेदाम्लांपासून चालणारी दाहाची साखळी पुरवणीने नव्हे, तर योग्य औषधाने व योग्य चाचणीने रोखता आली, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

वऱ्हाडच्या ताटातील जवस

वरील सर्व प्रयोगांत वापरलेली मेदाम्ले प्रामुख्याने माशांच्या तेलातील आहेत. वऱ्हाड समुद्रापासून दूर आहे आणि येथील मोठा समाज शाकाहारी आहे. म्हणून माशांच्या तेलाऐवजी जवस, असा सोपा पर्याय सुचविला जातो. तो तपासून पाहावा लागतो. दहा ग्रॅम जवसातून सुमारे दोन ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळते. शरीर त्याचा फारच थोडा भाग ईपीएमध्ये रूपांतरित करते. हे प्रमाण पाच ते आठ टक्के धरले, तरी सुमारे ०.१ ते ०.१६ ग्रॅम ईपीए तयार होईल. कॅनडातील अभ्यासात ते २.२ ग्रॅम होते. म्हणजेच चटणीने कॅप्सूलचे काम होत नाही. शैवालापासून मिळणारे तेल हा शाकाहारी पर्याय आहे. पण तो जवस नव्हे, आणि तोही वैद्यकीय सल्ल्यानेच घेण्याचा आहे.

जवसावर स्वतंत्र चाचण्याही झाल्या आहेत. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या १६१ रुग्णांपैकी ज्यांना शस्त्रक्रियेपूर्वी रोज ३० ग्रॅम जवस दिला, त्यांच्या गाठीतील पेशीविभाजनाचा वेग कमी आढळला. तो रुग्णाच्या आयुर्मानाचा पुरावा नव्हे. स्तनकर्करोगाच्या रुग्णांसह इतर स्त्रियांना होणाऱ्या अंगाच्या दाहावर जवस उपयोगी पडेल, ही अपेक्षा २०१२ च्या चाचणीत फोल ठरली.

रसायनोपचार चालू असताना व्यावहारिक मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. तोंड आलेल्या रुग्णाला लाल तिखट घातलेली जवसाची चटणी सोसत नाही. जवसातील चिकट तंतू पोटात पाणी शोषून घेतात. म्हणून तोंडाने घ्यावयाच्या गोळ्या व जवस यांत अंतर ठेवणे इष्ट असते. त्यातील लिग्नन या घटकाची क्रिया स्त्री-संप्रेरकाशी काहीशी मिळतीजुळती असल्याने संप्रेरकसंवेदी कर्करोगात डॉक्टरांना विचारूनच तो घ्यावा लागतो. जवसाचे तेल लवकर खवट होते आणि फार तापविल्यास त्यातील मेदाम्लाचा काही अंशी ऱ्हास होतो. कच्च्या बियांपेक्षा भाजलेल्या बिया अधिक सुरक्षित, हे परंपरेने फार पूर्वीच ओळखले होते.

तरीही अन्न म्हणून जवसाचे महत्त्व कमी लेखता येत नाही. गेल्या काही दशकांत सोयाबीनच्या विस्ताराने व बदललेल्या पीकरचनेने विदर्भातील जवसाचे क्षेत्र आक्रसले. १९६९ मध्ये अकोला येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने, ज्याला पुढे डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव देण्यात आले, नागपूर येथील कृषी महाविद्यालयात जवसाच्या वाणांवर दीर्घकाळ काम केले आहे. जागतिक पातळीवर मात्र एक विरोधाभास दिसतो. तेल टिकाऊ व खाद्य व्हावे म्हणून १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात लिनोलेनिक आम्ल जवळजवळ काढून टाकलेला जवस विकसित करण्यात आला. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानेही टी.एल.-९९ हे अल्प-लिनोलेनिक वाण निर्माण केले. एकीकडे त्या मेदाम्लासाठी जवसाची महती गायिली जात असताना दुसरीकडे जवसातून तेच मेदाम्ल वगळले जात होते. त्यामुळे जवस म्हटले की ओमेगा-३ आलेच, हे समीकरणही यापुढे वाणागणिक तपासावे लागेल.

निष्कर्ष

जवसाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात दोन चुका परस्परविरुद्ध दिशांनी झालेल्या दिसतात. वसाहतकालीन बाजाराने त्याला केवळ रंगाचे तेल मानले. आधुनिक प्रचाराने त्याला कर्करोगावरील उपाय मानले. दोन्ही वेळी वऱ्हाडचा शेतकरी व रुग्ण यांच्याऐवजी इतरांनीच त्याचे मोल ठरविले.

उपलब्ध पुराव्यावरून इतके म्हणता येते : लांब साखळीच्या ओमेगा-३ मेदाम्लांचा रसायनोपचारातील वजनघट व मज्जातंतूंची इजा यांवर काही लाभ संभवतो, तो निश्चित नाही, आणि जवसाच्या चटणीतून तो तेवढ्या प्रमाणात मिळत नाही. जवस हे अन्न आहे, औषध नव्हे. रुग्णाला सर्वांत आधी पुरेसे उष्मांक व प्रथिने मिळावीत, तोंड आले असता गिळता येईल असे मऊ व स्वच्छ अन्न मिळावे, बोटांना मुंग्या येऊ लागल्याची तक्रार त्याने पुढच्या फेरीआधी डॉक्टरांना सांगावी आणि घेत असलेली प्रत्येक पुरवणी उघडपणे नमूद करावी, या गोष्टी कोणत्याही कॅप्सूलपेक्षा अधिक उपयुक्त आहेत.

संशोधनाच्या दृष्टीने वऱ्हाडात एक संधी आहे. जवसाचे वाण निर्माण करणारे कृषी विद्यापीठ, अमरावती व अकोला येथील वैद्यकीय महाविद्यालये आणि विदर्भातील कर्करोग रुग्णालये एकमेकांपासून फार दूर नाहीत. बोटे बधिर झालेली स्त्री पुन्हा कापूस वेचू शकली काय, हा निकष परदेशी चाचण्यांत नसतो. येथील चाचणीत तो असू शकतो. धर्मशाळेत उतरलेल्या रुग्णाला दोन घास कसे जातील, ही चिंता गाडगेबाबांच्या परंपरेने वाहिली. ते घास कोणते असावेत, हे पुराव्यानिशी ठरविण्याचे दायित्व आता विद्यापीठांचे आहे.